काच शेवटी

१

स्वतःच्या हाताने एकेक करून मांडलेल्या वस्तूंमध्ये, तुम्ही कधीच न ठेवलेली एखादी वस्तू तुम्हाला सापडली आहे का? हरवलेली वस्तू माणूस चार दिवस शोधतो आणि सोडून देतो. जास्तीची सापडली तर मात्र झोप उडते.

उस्तादांच्या घरी ती सापडली एका साध्यासुध्या सकाळी, धूळ झटकताना.

उस्ताद म्हणजे लांब पल्ल्याचे ट्रक ड्रायव्हर. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणे आणि त्यांच्या बायकोला, ओघानेच, उस्तादीण. उभं आयुष्य स्टिअरिंगवर गेलं, आणि मग एके दिवशी जेवून उठता उठता त्यांची डावी बाजू लुळी पडली. पाय काठीच्या आधाराने थोडाफार परत आला. हात आला नाही. ट्रक विकावा लागला. ज्या दिवशी नवा मालक तो घेऊन गेला, त्या दिवसापासून उस्ताद भिंतीकडे तोंड करून पडू लागले.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, उजव्या हाताला तरी बारीक काम द्या, मन लागेल. म्हणून सराफी पेढीवर नोकरी करणाऱ्या लेकीने एक खोकं आणलं. आत मोटारीचे सुटे भाग होते, प्लॅस्टिकच्या चौकटींना लगडलेले. एकेक भाग कापायचा, घासायचा, रंगवायचा, चिकटवायचा, की तळहाताएवढी मोटार तयार.

"हे पोराटोरांचं काम," उस्ताद म्हणाले. "थट्टा लावली आहे का माझी?"

"खोक्यावर वाचा बाबा. चौदा वर्षांच्या वरच्यांसाठी आहे. तुम्हाला जमतंय का बघू."

जमलं नाही. एका हाताने कसं जमणार? भाग धरायला एक हात लागतो आणि चिकटवायला दुसरा. उस्तादीण शेजारी भाजी निवडत बसली होती. तिने हात पुसले आणि तो चिमुकला दरवाजा दोन बोटांत धरला. त्या दिवसापासून ती त्यांचा डावा हात झाली.

"क्लीनर, जरा वर धर."

"धरलाय की. तुमचाच हात हलतोय."

"गाडी क्लीनरमुळे बिघडते आणि नाव ड्रायव्हरचं खराब होतं, ऐकलंय ना?"

पहिल्या मोटारीची पुढची काच उस्तादिणीने झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाने बसवली. तासाभराने बघते तर काचेवर आतून पांढरी साय आलेली. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि काही केल्या आपसूक जात नाही, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं? ती रडकुंडीला आली. उस्ताद मात्र आजारपणानंतर पहिल्यांदा खदखदून हसले. "असू दे. धुक्यातली गाडी म्हणून ठेवू."

पुढे नियमच झाला. काचेला साधा पांढरा गोंद, आणि काच सगळ्यांत शेवटी. कारण काच बसली की गाडी बंद होते, मग आत बोट जात नाही.

२

दोन-चार मोटारी झाल्यावर लेकीने ट्रकचं किट आणलं. उस्तादांच्या जुन्या ट्रकचीच बनावट. त्याला त्यांनी आपल्या गाडीचा निळा रंग दिला. मग सुरू झालं खरं काम, नव्या गाडीला जुनी करण्याचं. स्पंजाच्या तुकड्याने रंगाचे टवके, खडूच्या भुकटीची धूळ, तपकिरी रंगाचा गंज. यात उस्ताद फार कडक होते.

"डागाला कारण पाहिजे. गंज पाण्याच्या वाटेने उतरतो. चिखल चाकाकडून मागे उडतो, पुढे नाही. उगाच कुठेही बोट पुसायचं नाही."

सांगायची गोष्ट अशी, की त्या ट्रकमधला एकही तुकडा असा नव्हता जो उस्तादिणीच्या बोटांतून गेला नाही. गिअरची दांडी तिने धरली होती. सीट तिने घासली होती. दिव्यांच्या जागी चंदेरी कागदाच्या टिकल्या आणि त्यावर गोंदाचे थेंब लावताना तिने श्वास रोखून धरला होता. आता फक्त पुढची काच बसवायची राहिली होती.

त्या सकाळी ती मऊ ब्रशने टपावरची धूळ काढत होती. सहज तिची नजर काचेच्या रिकाम्या जागेतून आत गेली. सीटच्या मागे एक ब्लँकेट घडी करून ठेवलेलं होतं. तपकिरी, कडेला लाल पट्टा.

"अहो, हे ब्लँकेट कधी केलंत?"

उस्ताद चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही. "कुठलं?"

"गाडीतलं."

"गाडीत ब्लँकेट असतंच," ते म्हणाले. "रात्री घाटात थंडी पडते."

झालं, एवढंच बोलणं. तिनेही मनाची समजूत काढली. लेकीने गंमत केली असेल. कापडाची चिंधी कापून कोंबली असेल. तरी तिने टेबलावरचा भिंगाचा दिवा ओढला.

मॉडेल करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. भिंगाखाली प्रत्येक मॉडेल खोटं पडतं. नुसत्या डोळ्याला खरी वाटणारी गाडी भिंगाखाली धरली, की ब्रशचा एकेक केस झाडूच्या फटकाऱ्यासारखा दिसतो, गोंदाच्या तारा दिसतात, प्लॅस्टिक हे प्लॅस्टिकच दिसतं. ब्लँकेटची चिंधीही भिंगाखाली चिंधीच दिसायला हवी होती.

तिला लोकरीची वीण दिसली. उभे धागे, आडवे धागे. एका कोपऱ्यात ठिणगी पडून जळलेलं भोक होतं, आणि भोकाच्या कडेचे तंतू आखडून काळे झाले होते. तिने लेकीचं दागिने बघायचं मोठं भिंग आणलं आणि एकावर एक धरलं. काळ्या तंतूला चिकटलेला राखेचा कण दिसला. त्या कणालाही आकार होता, एक बाजू उजेडात, एक सावलीत.

भिंग संपलं, पण ब्लँकेट संपलं नाही.

उस्तादीण कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली. भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते वेगळंच काही. लहानपणी पहिल्यांदा रात्रीच्या आकाशाकडे नीट पाहिलं होतं तेव्हा जे वाटलं होतं, तसं.

३

त्यानंतर तिचं लक्ष उस्तादांवर गेलं. इतके दिवस ते सुधारत आहेत या आनंदात ती होती. भिंतीकडे तोंड करून पडणं थांबलं होतं. दुपारची जेवणं झाली की ते खुर्ची टेबलाजवळ ओढायला लावत, ट्रक डोळ्यांच्या उंचीला येईल असा पुस्तकांच्या चळतीवर ठेवून घेत आणि बघत बसत. तासन् तास. चेहऱ्यावर समाधान.

आता ती त्या वेळी स्वयंपाकघरातून हाक मारून बघू लागली.

"अहो, चहा टाकू?"

उत्तर यायचं, पण उशिरा. आणि कसं, तर पूर्वी ते दूरच्या ढाब्यावरून फोन करायचे, तेव्हा शब्द निघायचा आणि मग पोचायचा, तसं. "टाक... पोचतोच."

एकदा ओल्या फडक्याने त्यांचे हात पुसताना तिला दिसलं, उजवा हात कोपरापर्यंत रापला होता. ड्रायव्हरचा उजवा हात आयुष्यभर खिडकीबाहेर असतो, उन्हाने काळा पडतो. आजारपणात तो उजळला होता, दोन्ही हात एका रंगाचे झाले होते. आणि टेबलाच्या खोलीत तर सूर्य येतच नसे. समोरच्या इमारतीने तो कधीच अडवला होता.

"जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी होत असेल," लेक फोनवर म्हणाली.

"एकाच हाताला?"

"आई, तू आता त्या भिंगातून बाबांनाही बघायला लागलीस की काय?"

दोघी हसल्या. उस्तादिणीचं हसू जरा लवकर थांबलं.

४

ती काही खुळी बाई नव्हती. जे दिसतं त्याला कारण असतं, हे तिला उस्तादांनीच शिकवलं होतं. म्हणून तिने ठरवलं, पडताळा घ्यायचा.

एके दुपारी उस्ताद तंद्री लागून बसलेले असताना तिने ट्रक अलगद उचलला. चाकं ओली होती. तिच्या तळव्याला चिखलाच्या चार रेघा उठल्या. तिने तो लेकीच्या बुटांच्या खोक्यात ठेवला, झाकण लावलं, आणि खोकं मांडीवर घेऊन समोर बसली.

उस्तादांनी डोळे उघडे ठेवूनच मान पुढे काढली, जसा माणूस अंधारात बघायला काढतो.

"लवकर अंधारलं आज," ते पुटपुटले.

त्यांचा उजवा हात उठला आणि हवेत, गुडघ्याच्या वर, एक बटण ओढल्यासारखा मागे आला.

खोक्याच्या फटीतून पिवळ्या उजेडाची रेघ बाहेर पडली आणि उस्तादिणीच्या साडीवर स्थिर झाली.

त्या ट्रकमध्ये दिवा नव्हता. वायर नव्हती. कागदाच्या दोन टिकल्या होत्या आणि वाळलेल्या गोंदाचे दोन थेंब. तिने रेघेत बोट धरलं. बोटाला किंचित ऊब लागली. तिने दुसरं बोट धरलं, मग पूर्ण हात, आणि हाताच्या शिरा त्या उजेडात तांबूस दिसल्या. कुणीतरी आपल्याला पाहिलं असेल का, असं तिच्या मनात आलं. अंधाऱ्या रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक प्रचंड बाई, हात पुढे केलेली.

तिने झाकण काढलं. उस्तादांनी पापण्या मिटल्या-उघडल्या आणि ते तिच्याकडे बघून ओळखीचं हसले.

"कुठे होतात?" तिने विचारलं.

"इथेच की. जवळपासच. बिनकाचेची गाडी किती लांब नेणार?"

५

मग डोळ्यांचं सुरू झालं. आधी लाली, मग पाणी, मग सूज. उस्ताद उशीला तोंड घासत. लेकीने सुट्टी काढली आणि दोघींनी मिळून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, बोलके. यंत्राला डोळा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग बारीक चिमट्याने पापणीखालून काहीतरी काढलं आणि पांढऱ्या कापसावर ठेवलं. गवताचं कुसळ होतं. सोबत वाळूचे कण.

"काका, मोटारसायकल चालवता का? हेल्मेटशिवाय?"

"बाबा घराबाहेर पडून महिने झाले," लेक म्हणाली.

"मग पंख्याखाली गवत वाळत घालता वाटतं." डॉक्टर हसले, पण औषध लिहिताना गंभीर झाले. "बुबुळावर ओरखडे आहेत. एक खोल आहे. वारा आणि धूळ अशीच लागत राहिली तर उजवा डोळा वाचणार नाही. आणि डाव्याचाही भरवसा नको."

घरी आल्यावर लेक औषधं आणायला खाली गेली. उस्तादांनी बायकोचा हात धरला. त्यांच्या पापण्या चिकटल्या होत्या.

"क्लीनर, काच बसवायची राहिलीय गं."

"माहीत आहे."

"समोरून वारा फार लागतो. मला एका हाताने जमत नाही, नाहीतर तुला सांगितलं नसतं."

"काच बसली की काय होईल?"

खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. "लांबचा पल्ला घेता येईल," ते म्हणाले.

"म्हणजे परत कधी?"

"ते भाडं बघून कळतं. निघताना कुठल्या ड्रायव्हरने सांगितलंय?"

६

दोन दिवस तिने टाळलं. कधी गोंद वाळलाय म्हणाली, कधी काच सापडत नाही. काच तिच्या मुठीतच होती. नखाएवढी, स्वच्छ, वजनच नसलेली. ती नसली तर त्यांचे डोळे जाणार. ती बसवली तर ते स्वतः जाणार. कुणाला विचारणार? लेकीला सांगितलं असतं तर तिने आईलाही डॉक्टरांकडे नेलं असतं, आणि तिचं चुकलंही नसतं.

तिसऱ्या दुपारी उस्तादांच्या उजव्या डोळ्यातून पाण्यासोबत रक्ताची बारीक रेघ आली. ती तशीच उठली आणि टेबलाशी बसली. समोरच्या खुर्चीत उस्ताद, तंद्रीत, मान किंचित खाली, वाऱ्याला चुकवणाऱ्या माणसासारखी.

तिने भिंगाचा दिवा ओढून ट्रकसमोर आणला. इतके दिवस तिने मुद्दाम समोरून पाहिलं नव्हतं. आता चिमट्यात काच धरून तिने नेम धरला, तेव्हा पाहणं भागच पडलं.

बाजूचा आरसा आधी दिसला. तो तिनेच चंदेरी कागदातून कापला होता. त्यात भिंग दिसायला हवं होतं, तिचा स्वतःचा डोळा दिसायला हवा होता. त्यात रस्ता होता, मागे मागे जाणारा. त्याच्या दोन्ही बाजूंना वाऱ्याने आडवं होणारं गवत, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. डोंगरामागे दुसरा डोंगर होता, त्याच्यामागे निळसर तिसरा, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या आरशात आभाळाला कुठे शेवट नव्हता.

इतकं मोठं सगळं, आणि आपण रोज त्यावरून ब्रश फिरवत होतो, असं तिला वाटलं.

मग तिने आत पाहिलं. चेहरा दिसला नाही, तो सावलीत होता. स्टिअरिंगवर हात दिसले. एक रापलेला. दुसरा उजळ, बरेच दिवस अंथरुणात राहिलेला, पण बोटं घट्ट आवळलेली, अंगठा वरच्या बाजूला, वळणावर सफाईने सरकणारा. डावा हात. जिवंत. डावीकडची क्लीनरची सीट रिकामी होती, आणि कुणीतरी ती पुसून ठेवली होती.

उस्तादीण रडली नाही. डोळ्यात पाणी आलं असतं तर नेम चुकला असता.

तिच्या उजव्या बाजूला पांढऱ्या गोंदाची बाटली होती. डाव्या बाजूला, पहिल्या मोटारीपासून न वापरलेली, झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब. तिचा हात पांढऱ्या बाटलीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. नवऱ्याची एक गोष्ट तिला जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त ठाऊक होती. धुक्यात त्यांनी कधी गाडी रेटली नाही. इतर ड्रायव्हर हसत, माल पाठवणारे शिव्या घालत, पण उस्ताद गाडी कडेला घेत, दिवे चालू ठेवत आणि बसून राहत. उशिरा घरी येत, पण येत.

तिने ट्यूब घेतली. कडेला सुईच्या टोकाने गोंद लावला आणि काच बसवली. टिक् असा आवाज आला, खऱ्या काचेचा.

खुर्चीत उस्तादांची मान वर झाली. कपाळावरच्या आठ्या गेल्या. वारा थांबला होता.

मग ती वाट बघत बसली. आधी कोपऱ्यात आली, श्वासाइतकी पुसट. मग कडांनी सरकत मध्यापर्यंत. पांढरी साय काचेवर पसरत गेली, आरशातले डोंगर एकेक करून पुसले गेले, आणि शेवटी ते दोन हातही. सगळं पांढरं झाल्यावर ट्रकच्या चारही कोपऱ्यांवर नारिंगी ठिपके उघडझाप करू लागले. गाडी कडेला लागली होती.

"धुकं आलं," उस्ताद म्हणाले. शब्द लगेच पोचले, समोरून, खुर्चीतून. "अचानक आलं बघ. आता थांबायला हवं."

"थांबा ना," ती म्हणाली. "घाई कसली आहे?"

७

ती संध्याकाळ उस्ताद पूर्ण घरी होते. कित्येक महिन्यांत नव्हते इतके. डोळ्यांतलं पाणी थांबलं होतं. जेवताना त्यांनी मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली आणि तिला ती तक्रार गोड लागली. लेकीशी फोनवर बोलले, तिच्या साहेबाची नक्कल करून दाखवली. मग त्यांनी बायकोला जुन्या रस्त्यांच्या गोष्टी सांगितल्या. पुलावर रात्रभर अडकलेल्या बाजारातल्या बायका, रस्त्याच्या मधोमध झोपलेली गाय आणि तिच्यामागे खोळंबलेला मंत्री. तिने त्या शंभरदा ऐकल्या होत्या. तरी जिथे हसायचं तिथे ती हसली.

टेबलावर नारिंगी ठिपके मिचकत होते. दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"तुला एकदाही लांब नेलं नाही मी," ते म्हणाले.

"मला गाडी लागते. गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत मी तुमची सीट खराब केली असती."

"म्हणून तर नेलं नाही. पण सीट पुसून ठेवायची सवय होती मला. दर खेपेला."

तिने त्यांचा निर्जीव डावा हात उचलून आपल्या हातात घेतला. तो जड होता आणि गार. त्याची बोटं मात्र हलकेच आत वळलेली होती, काहीतरी गोल धरल्यासारखी.

"आज इथेच खुर्चीत बसतो," ते म्हणाले. "गाडी कडेला असताना ड्रायव्हरने लांब जाऊ नये."

तिने त्यांच्या पाठीमागे उशी दिली, स्वतःची सतरंजी खाली अंथरली आणि त्यांच्या पायाशी आडवी झाली. आता काही दिवस तरी निश्चिंती, असा तिने हिशेब केला होता. ती साय आपसूक जात नाही, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अहो," झोपेच्या काठावर तिने विचारलं, "धुक्यात इतका वेळ बसून कंटाळा नाही यायचा?"

"छे," वरून आवाज आला. "धुकं काय, उन्हं आली की उतरतंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी काच लख्ख होती, दिवे बंद होते, आणि खुर्चीत उस्तादांचा श्वास चालत नव्हता.